ग्राहकासाठी प्रस्ताव कसा लिहावा: हिंगण्याच्या एका शेडच्या निमित्ताने

‘कोटेशन पाठवून द्या न भाऊ’ असा फोन आला की नागपुरातले बहुतेक लहान व्यावसायिक लेटरहेडवर वस्तू, नग आणि रेट मांडतात, खाली ‘जीएसटी एक्स्ट्रा’ लिहितात आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर सोडून देतात. मागणी ठरलेली असेल तर एवढं पुरतं. पन्नास खुर्च्या, दहा बॅटऱ्या, अमुक गेजचा पत्रा, काय घ्यायचं ते ग्राहकाला ठाऊक असतं, त्याला फक्त भाव पाहायचा असतो. पण ‘शेडमध्ये लई गरम होते, काहीतरी करा’ असं तो म्हणत असेल तर त्याला आधी उपाय हवा आहे, भाव नंतर. तिथं नुसतं कोटेशन पाठवलं की ते आणखी तीन कोटेशनांच्या शेजारी जाऊन बसतं आणि सगळ्यांत खालचा आकडा जिंकतो. अशा कामाला प्रस्ताव लागतो.

प्रस्ताव तुमच्या माघारी वाचला जातो, ही गोष्ट डोक्यात पक्की असावी. तुमच्याशी बोलणारे बहुधा मेंटेनन्सचे साहेब असतात. कागद त्यांच्याकडून पर्चेसला जातो, तिथून अकाउंट्सला आणि शेवटी मालकांच्या टेबलावर. या तिघांनी तुम्हाला पाहिलेलंही नसतं. मेंटेनन्सवाले पाहतात की वस्तू चालेल का आणि बिघडली तर कोण येईल. पर्चेसवाल्यांना तुलना करायची असते, म्हणून ते गेज, मोटरचा अश्वशक्तीचा आकडा आणि नग शोधतात. अकाउंट्सला कर, ॲडव्हान्स आणि बिल कुणाच्या नावानं येणार एवढ्याशी काम. मालक पहिलं पान आणि शेवटची रक्कम वाचतात, मधलं चाळतात. या चौघांचे प्रश्न कागदातच सुटले नाहीत तर तो कुठल्या तरी टेबलावर अडतो आणि तुम्हाला सांगितलं जातं, ‘साहेब बाहेरगावी आहेत’.

पुढं सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतलं पॅकिंगचं शेड आणि त्यात डक्ट कूलर, म्हणजे पत्र्याच्या नळीतून (डक्टमधून) गार हवा आत सोडणारे मोठे कूलर, बसवण्याचं काम. रकमा नमुन्यादाखल आहेत. धंदा केटरिंगचा, सॉफ्टवेअरचा किंवा सिक्युरिटीचा असला तरी पद्धत हीच लागू पडते.

लिहिण्याआधी साइट पाहा

निम्मा प्रस्ताव साइटवरच तयार होतो. फोनवर ‘शंभर बाय साठचं शेड आहे’ असं सांगितलं जातं. मोजलं की ते नव्वद बाय पंचावन्न निघतं आणि उंची तर कुणीच सांगितलेली नसते. लेझर मीटर घेऊन जा. लांबी, रुंदी, कडेची उंची आणि मधली उंची, चारही मोजा. दारं, खिडक्या, लूव्हर (हवा जायच्या पट्ट्यांच्या झडपा) कुठल्या बाजूला आहेत ते कागदावर हातानं काढा. पंधरा-वीस फोटो घ्या, पण विचारून. कित्येक कारखान्यांत मोबाइल गेटवरच ठेवून घेतात.

मग प्रश्न. त्रास नेमका कधी होतो, दिवसभर की दुपारीच? किती माणसं, कुठल्या पाळीत? आधी काय करून पाहिलं आणि ते का जमलं नाही? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. ‘गेल्या वर्षी चार पंखे लावले, गरम हवाच फिरली’ हे एक वाक्य तुमच्या प्रस्तावाचं पहिलं पान लिहून देतं. वीज पॅनलमध्ये जागा आहे का, पाणी बोअरचं की एमआयडीसीच्या लाइनचं, छपरावर माणूस चढवायला कुणाची परवानगी लागते, हेही तिथंच विचारा. निघताना मोकळेपणानं विचारून टाका, ‘साहेब, शेवटी सही कोणाची असते?’ यात कमीपणा काही नाही. उत्तर मिळालं की कागद कुणासाठी लिहायचा ते कळतं.

बजेट विचारलं तर ग्राहक आकडा सांगत नाही. ‘तुम्ही सांगा न’ म्हणतो. त्याऐवजी विचारा, ‘हे या आर्थिक वर्षात करायचं आहे की एप्रिलनंतर?’ ३१ मार्चच्या आत खर्च टाकायचा असेल तर घाई खरी आहे. कूलरचं काम असेल तर उन्हाळ्याचा हिशेब आहेच. मार्च उजाडला की नागपुरात फिटर आणि डक्टवाले हातात सापडत नाहीत, म्हणून असा प्रस्ताव जानेवारीतच ग्राहकाच्या हाती पडायला हवा.

पहिलं पान ग्राहकाचं

बहुतेक प्रस्ताव ‘आमची फर्म गेली पंधरा वर्षे या क्षेत्रात अग्रेसर’ अशा ओळीनं उघडतात. मालकांना त्यात रस नसतो. तुमची ओळख शेवटच्या पानावर चार ओळींत द्या. पहिल्या पानावर त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच आकड्यांत आली पाहिजे. असं:

‘तुमच्या शेड क्रमांक २ मध्ये (३० मीटर लांब, २० मीटर रुंद, सरासरी ६ मीटर उंच) दिवसपाळीत ३४ जण पॅकिंग करतात. गेल्या मे महिन्यात दुपारी १ ते ४ काम जवळपास बंद राहिलं, असं तुम्ही सांगितलं. छपराच्या पत्र्याखाली इन्सुलेशन नाही आणि लावलेले पंखे गरम हवाच फिरवतात. या शेडसाठी ४ डक्ट कूलर बसवण्याची योजना पुढं दिली आहे. खर्च ४,६२,००० रुपये अधिक जीएसटी. पीओ (पर्चेस ऑर्डर) व ॲडव्हान्स मिळाल्यापासून २१ दिवसांत काम पूर्ण.’

सहा वाक्यांत अडचण, उपाय, रक्कम आणि मुदत आली. रक्कम शेवटच्या पानावर लपवण्याची सवय सोडा. वाचणारा ती शोधतच असतो, आणि शोधताना बाकीचं वाचत नाही.

उपाय सांगताना हिशेब उघडा ठेवा

‘४ कूलर लागतील’ एवढंच लिहिलं तर पर्चेसवाले विचारतात, ३ का नाही? उत्तर कागदातच असू द्या. शेडचं घनफळ ३० × २० × ६ म्हणजे ३,६०० घनमीटर. तासाला हवा २० वेळा बदलायची, तर ७२,००० घनमीटर हवा लागते. एक कूलर तासाला १८,००० घनमीटर हवा देतो, म्हणून ४. एवढं लिहिलं की तीन कूलरचं स्वस्त कोटेशन आणणाऱ्याला पर्चेसवालेच विचारतील, ‘तुमची हवा किती वेळा बदलते?’

आणि इथंच खरं बोला. कूलर म्हणजे एसी नव्हे. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि हवा कोरडी असेल तेव्हा चांगल्या पॅडच्या कूलरच्या तोंडाशी २७-२८ अंशांची हवा मिळू शकते. शेडच्या मधोमध तापमान त्याहून जास्तच राहील. जुलैत पाऊस सुरू झाला आणि हवेत ओल भरली की फरक दोन-तीन अंशांवर येतो. ‘शेड २४ अंशांवर ठेवू’ असं लिहून काम मिळवता येतं, पण शेवटची १० टक्के रक्कम त्याच वाक्यावर अडकते. वचन जे मोजता येईल त्याचंच द्या: कूलरच्या तोंडाशी तापमान, हवेचं प्रमाण, मोटरची वीज.

तांत्रिक भागात नेहमी सुटून जातात त्या दोन गोष्टी, पाणी आणि हवेची बाहेर जायची वाट. कोरड्या मे महिन्यात या आकाराचा एक कूलर तासाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी नुसतं हवेत उडवतो. चार कूलर आठ तास चालले तर दिवसाला ४,००० लिटर, आणि टाकीतलं क्षाराचं पाणी बदलावं लागतं ते वेगळं. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर पांढरा थर चढतो आणि थंडावा कमी होतो. हे प्रस्तावात नसेल तर मे महिन्यात ग्राहकाला टँकर मागवावा लागतो आणि शिव्या तुम्हाला पडतात. दुसरं, तासाला ७२,००० घनमीटर हवा आत ढकलायची तर तेवढीच बाहेर गेली पाहिजे. त्यासाठी साधारण ७ ते ८ चौरस मीटर उघडी जागा लागते. लूव्हर कमी असतील तर दमटपणा साचतो, कार्डबोर्ड मऊ पडतो आणि माणसं म्हणतात, ‘कूलर बंद करा जी’.

ग्राहकाच्या फायद्याचा हिशेबही त्याच्याच आकड्यांवर मांडा. ३४ माणसं, रोज ३ तास, म्हणजे १०२ मनुष्यतास. एका तासाचे ७५ रुपये धरले तर दिवसाला ७,६५० रुपये वाया जातात. कडक उन्हाचे ४० दिवस धरले तर ३,०६,००० रुपये. कूलर आणि पंप मिळून आठ तासांत साधारण ४० युनिट वीज, दर त्यांच्याच बिलातला. पाण्याचा खर्चही वजा करा. मग स्पष्ट लिहा, ‘खर्च दुसऱ्या उन्हाळ्यात भरून निघतो’. एका उन्हाळ्यात निघतो असं दाखवण्याचा मोह होतो, पण मालकांना आपला धंदा कळतो. एक आकडा फुगवलेला दिसला की ते बाकीचेही फुगवलेलेच धरतात.

काय येणार नाही ते आधी

भांडणं कामात जे ठरलं त्यावरून कमी होतात, न ठरलेल्यावरून जास्त. म्हणून ‘या रकमेत नाही’ असा वेगळा परिच्छेद हवाच. भिंतीला भोक पाडणं आणि नंतरचं प्लास्टर, मुख्य पॅनलपासून कूलरच्या स्टार्टरपर्यंतची केबल, पाण्याची लाइन एका ठरलेल्या नळापर्यंत आणून देणं, क्रेन किंवा मचाण, रात्री काम करायला लावल्यास जास्तीची मजुरी. यातलं कोणतं कोणी करायचं ते एकेका ओळीत लिहा. ‘सर्व कामे समाविष्ट’ हे शब्द कधीच लिहू नका. छपराचा एक पत्रा बदलायची वेळ आली तर तोही ‘सर्व’मध्येच मोडतो.

ग्राहकाकडून काय हवं तेही लिहा. कामाच्या दिवसांचे गेटपास, सामान ठेवायला कुलपाची जागा, उंचीवर काम करण्याची परवानगी. २१ दिवसांची मुदत पीओ, ॲडव्हान्स आणि या गोष्टी मिळाल्यापासून मोजली जाईल, हे वाक्य विसरू नका. मोठ्या कंपनीच्या पीओमध्ये उशिराबद्दल दर आठवड्याला अर्धा टक्का कापण्याचं कलम असू शकतं. असं कलम असेल तर कमाल मर्यादा, म्हणजे एकूण ५ टक्क्यांपर्यंत वगैरे, आधीच ठरवून घ्या.

रक्कम मांडण्याची रीत

एकच गोळा रक्कम दिली तर संशय येतो. साठ ओळी दिल्या तर प्रत्येक ओळीवर घासाघीस होते. पाच-सहा ओळी बरोबर.

४ कूलर, नग ५२,००० प्रमाणे: २,०८,०००
२४ गेज जीआय डक्ट, ११० चौरस मीटर, १,१५० प्रमाणे: १,२६,५००
लोखंडी स्टँड व प्लॅटफॉर्म, ४ नग, ९,५०० प्रमाणे: ३८,०००
स्टार्टर व वायरिंग: ३२,०००
पाइपिंग व टाकी: २१,५००
फिटिंग व चालू करून देणे: ३६,०००
एकूण: ४,६२,०००
जीएसटी १८ टक्के: ८३,१६०
एकंदर: ५,४५,१६०

दोन्ही एकूण आकडे दाखवा. ग्राहक जीएसटी नोंदणीकृत असेल आणि त्याला क्रेडिट मिळत असेल तर तो ४,६२,००० शी तुलना करतो. बँकेतून मात्र ५,४५,१६० जाणार असतात. बेरीज कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा आणि रक्कम अक्षरांतही लिहा. एक्सेल फाइल पाठवू नका, पीडीएफच. आकडे बदलून फिरवलेली फाइल तुमच्या नावानं परत येऊ शकते.

कराच्या ओळीत नागपुरात हमखास चूक होते ती मिहानमध्ये. विमानतळाजवळच्या या औद्योगिक प्रकल्पाचा सगळा भाग सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, नाही. ग्राहक सेझमधला असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पुरवठा असूनही जीएसटी कायद्यात तो आंतरराज्य धरला जातो. सीजीएसटी-एसजीएसटीचे ९-९ टक्के लावणं चूक. त्याच्या मंजूर कामासाठी दिलेला पुरवठा शून्य दराचा असतो. एलयूटी (कर न भरता असा पुरवठा करण्याचं हमीपत्र) भरलेला असेल तर कर न लावता बिल करता येतं, नाहीतर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य पुरवठ्याचा जीएसटी, भरून परतावा मागावा लागतो. म्हणून त्यांच्या अकाउंट्सला आधी विचारा, ‘युनिट सेझमध्ये आहे का, आणि आमचं हे काम तुमच्या मंजूर सेवा-वस्तूंत बसतं का?’ मध्य प्रदेशात सौंसर किंवा छिंदवाड्याकडचं काम असेल तर कूलर तिथं बसणार, म्हणून आयजीएसटी. तुमच्या सीएला पाच मिनिटं फोन करून हे पक्कं केलेलं बरं.

ग्राहकाचं नाव जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाकून तपासा. गेटवरच्या पाटीवर एक नाव आणि नोंदणीत दुसरं, असं बऱ्याच ठिकाणी असतं. प्रस्तावात चुकीचं नाव गेलं की पीओत तेच येतं, आणि मग बिल अडतं.

पैसे कधी

पीओसोबत ४० टक्के, सामान साइटवर आल्यावर ५० आणि चालू करून दिल्यावर १०, ही मांडणी सामान जास्त असलेल्या कामाला ठीक बसते. केटरिंग किंवा हाउसकीपिंगसारख्या महिन्याच्या कामाला पंधरवड्याचं बिल मागा. शेवटच्या १० टक्क्यांना तारीख बांधा: ‘चालू केल्यापासून ७ दिवसांत’. ‘समाधानकारक काम झाल्यावर’ असं लिहिलंत तर समाधान कधी झालं ते ठरवणार कोण?

तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेले असाल तर उद्यम नंबर लेटरहेडवर आणि अटींत छापा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून उशिरा दिलेली अशी रक्कम ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात धरताही येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येते. अकाउंट्सवाले म्हणूनच उद्यम नंबर पाहतात. नुसता माल घेऊन विकणाऱ्यांना या उशिराच्या तरतुदींचा फायदा मिळत नाही, हे लक्षात ठेवा. आणि प्रस्तावात कायद्याची धमकी नको; नंबर आणि देयकाच्या ठरलेल्या मुदतीची एक ओळ पुरेशी.

वैधता १५ दिवस ठेवा, पत्र्याचे आणि तांब्याचे भाव हलतात. गाड्या, हॉल किंवा केटरिंगचा प्रस्ताव डिसेंबरचा असेल तर वैधता आणखी कमी ठेवा. हिवाळी अधिवेशन लागलं की नागपुरात जुना रेट टिकत नाही.

भाषा आणि पानं

पाच लाखांच्या कामाला चार पानं भरपूर झाली. कॅटलॉग, जुन्या कामांचे फोटो, प्रमाणपत्रं वेगळ्या फाइलमध्ये. कारखान्याला बहुधा इंग्रजी कागद लागतो, तो इंग्रजीतच द्या, पण वाक्यं तोकडी ठेवा. इतवारीतल्या व्यापाऱ्याला सोबतचा निरोप हिंदीत गेला तरी हरकत नाही. शाळा, संस्था, पतसंस्था यांना मराठीच बरी. सरकारी निविदेचा नमुना ठरलेला असतो, तिथं यातलं फारसं चालत नाही.

जुना प्रस्ताव कॉपी करून नवा केला असेल तर आधीच्या ग्राहकाचं नाव फाइलमध्ये शोधून पाहा. ते हमखास अटींच्या पानावर किंवा खालच्या पट्टीत राहून जातं. नावच चुकलेलं असलं की हिशेब कितीही चोख असो, कागद बाजूला पडतो.

पाठवल्यावर

मेल करा आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळींत कळवा. चौथ्या दिवशी फोन करा. ‘काय झालं साहेब?’ विचारलं तर ‘पाहतो’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘कागद सध्या कोणाकडं आहे, आणि त्यांचा काही प्रश्न आहे का?’ पर्चेसकडं असेल तर तुलनेचा तक्ता द्यायची तयारी दाखवा, अकाउंट्सकडं असेल तर कराचा मुद्दा समजावून सांगा.

मग येतो तो नेहमीचा फोन.

‘भाऊ, बाकी सर्व बरोबर आहे. रेट पाहून घ्या न थोडा.’
‘साहेब, किती कमी पडून राहिले?’
‘चारच्या आत बसवा.’
‘रेट तोच राहू द्या. स्टँड तुमच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, ड्रॉइंग मी देतो, अडतीस हजार तिथं कमी होतात. ॲडव्हान्स चाळीसऐवजी साठ टक्के दिला तर डक्टमध्ये आणखी दहा हजार सोडतो. चार लाख चौदा हजार होतात. चारच्या आत नाही बसत.’

एका फोनवर ६२,००० सोडले असते तर ग्राहकानं मनातल्या मनात हिशेब केला असता की पहिला आकडाच खोटा होता, आणि पुढच्या वेळी त्यानं ऐंशी हजार मागितले असते. काम कमी करून किंवा ॲडव्हान्स वाढवून घेऊन रक्कम कमी केली की रेट खरा राहतो. बदललेली रक्कम फोनवर सोडू नका; ‘सुधारित प्रस्ताव २’ असं लिहून, नवी तारीख टाकून, स्टँडची ओळ ‘या रकमेत नाही’च्या परिच्छेदात हलवून त्याच संध्याकाळी पाठवा. पीओ आला की त्यातला प्रस्तावाचा क्रमांक आणि तारीख याच सुधारित कागदाची आहे ना, ते ॲडव्हान्सचा चेक बँकेत टाकण्याआधी पाहा.